कौसल्यामावशींचे चार सेकंद

मंडळी, हैदराबादच्या मराठीवर माझं संशोधन चालू आहे. त्यासाठी आज अंबरपेठेत कौसल्यामावशींचं बोलणं रेकॉर्ड केलं. विषय अर्थातच नवं राज्य.

"लगीन निजामाच्या राज्यात झालं, पोरं समदी आंध्रात, आता म्हातारपण तेलंगणात." एवढं बोलून मावशी शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडं वळल्या. "हौ ना हो?"

मावशींच्या यजमानांना जाऊन सात वर्षं झालीत.

मावशी थांबल्या. मग मला म्हणाल्या, "चुकलं माझं. थोरली आंध्र व्हायच्या आधीच झाली."

घरी येऊन सगळं लिहून काढलं. त्यात विरामही मोजावे लागतात. 'हौ ना हो?' नंतरचा चार सेकंदांचा निघाला. गाईडना फोन केला. त्या म्हणाल्या, "तिथं 'शांतता' लिही."

हात धजेना. तुम्हीच सांगा, शांतता कधी कुणाची चूक सुधारते का हो?