बांधापलीकडं गेलेलं पाणी

औशाला माझं मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे पंपांच्या जळालेल्या मोटारींत नवी तार गुंडाळून देण्याचं, छोटं दुकान आहे. हे काम मी नांदेडला शिकलो आणि तिथंच, सोबतच्या एका कारागिरामुळं, मला येशूची ओळख झाली. तोवर मी भयंकर तापट होतो. हातातला पाना कुणावर भिरकावायलाही मागंपुढं बघत नसे. तो राग कसा गेला ते मला आजही सांगता येत नाही, पण गेला. एवढी मोठी गोष्ट सख्ख्या भावाला न सांगता राहणं मला शक्यच नव्हतं.

दादा जळकोटकडच्या आमच्या गावात शेती करतो. शेजारचं शेत चुलत भावाचं. त्यानं नांगरताना आमचा बांध कोरला, असं दादाचं म्हणणं. कज्जा कोर्टापर्यंत गेला आणि दोन घरांचं बोलणं बंद झालं. लग्नकार्यालाही एकमेकांना बोलावणं नाही.

मी पहिल्यांदा येशूविषयी बोललो तेव्हा दादानं जेवता जेवता सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुझा येशू बांध कोरणाऱ्याला बी माफ करतो का?"

"करतो."

"मंग मला न्हाई पाहिजे."

वहिनी हसली. मीही हसलो. पण ती नुसती थट्टा नव्हती. हे मान्य केलं तर आपल्याला काय सोडावं लागेल, हे दादानं नेमकं ओळखलं होतं.

पुढं कितीतरी वर्षं मी सांगत राहिलो. बापाची इस्टेट उडवून परत आलेल्या, आणि तरी बापानं पोटाशी धरलेल्या धाकट्या पोराची येशूची गोष्ट सांगितली, तर दादा घरी राबणाऱ्या थोरल्याची बाजू घेऊन माझ्याशीच भांडला! भावकीतले म्हणायचे, हा घर बाटवायला येतो. एकदा दादा वैतागून म्हणाला, "भाऊ म्हणून ये, जेव, राहा. पण ते सुरू केलंस की मी उठून जाणार."

"तू ऊठ दादा. मी सांगणार."

तो खरंच उठून गोठ्यात गेला. परतीच्या एसटीत मला रडू आलं. घरी बायको म्हणाली, "आता पुरे करा." पण सकाळी प्रार्थनेला बसलो की ओठांवर दादाच यायचा, आणि त्याच्या मागोमाग चुलत भाऊ.

मागच्या उन्हाळ्यात गावी गेलो तर दादा घरात नव्हता. वहिनी म्हणाली, "भाऊजी, तुमचे दादा येडे झालेत. शेतात जाऊन बघा."

जाऊन बघतो तर दादा आणि चुलत भाऊ बांधावर वाकून पाइप जोडत होते. चुलत भावाचा बोअर आटला होता आणि दादा त्याला आपल्या विहिरीचं पाणी देत होता.

"बघत काय राहिलास? धर हे टोक," दादा म्हणाला. मी धरलं. मग खालीच बघत तो बोलला, "ह्याचा ऊस रोज डोळ्यापुढं वाळत होता. मला बरं वाटायला पाहिजे होतं, पण वाटंना. तुझं बोलणं लई आत जाऊन बसलंय लेका."

मोटार सुरू झाली. उसाच्या सरीत पाणी पळालं तसा चुलत भाऊ मटकन खाली बसला आणि हुंदके देऊन रडला. दादानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बांधाचं राहू दे आता. कोर्टात मी सांगतो, कज्जा मिटला म्हणून." मग माझ्याकडं वळून म्हणाला, "सांग, तुझ्या येशूशी बोलायचं कसं?"

"आपण बोलतो तसंच."

दादा भर उन्हात टोपी काढून उभा राहिला. "देवा," म्हणाला, आणि त्यानं हात जोडले.

पुढच्याच रविवारी तो औशाला, आमच्या चर्चमध्ये आला. वहिनीला अजून काही पटलेलं नाही. चुलत भाऊही नुसता हसतो. पण उपासनेत दादा आपणहून उभा राहिला, सगळ्यांपुढं त्यानं ही हकिकत सांगितली, आणि गाणं सुरू झाल्यावर सूर सोडून, सगळ्यांच्या वरच्या आवाजात गायला. मी गायचं विसरून नुसता ऐकत राहिलो.