रामचंद्ररावांची लेन्स

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोलाही सांगितलेलं नाही – आणि तिला तर मी नको ते सगळं सांगत असतो. मग तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. गोष्ट तशी छोटी, एका लेन्सची. निदान मी स्वतःची समजूत तशी घालत आलो.

नोकरीसाठी पुण्याहून चेन्नईला गेलो तेव्हा वेलचेरीत राहायचो. डिजिटल कॅमेरे नुकते आमच्यासारख्यांच्या आवाक्यात येत होते. त्या नादातच रामचंद्ररावांची ओळख झाली. अड्यारच्या एका ऑफिसात हेडक्लार्क, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, मूळचे तंजावरचे मराठी. 'सगळे'ला ते 'अस्के' म्हणत आणि बोलता बोलता वाक्य तमिळमध्ये शिरे. पण त्या शहरात मला मराठीत हाक मारणारं घर तेवढंच. दर रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला असायचो – हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

आम्ही दोघांनी एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकसारखी लेन्स घेतली. वाइड अँगल झूम. कॅमेऱ्याच्या कंपनीची परवडण्यातली नव्हती, म्हणून दुसऱ्याच एका कंपनीची. अशा लेन्सांबद्दल इंटरनेटवर लोक लिहायचे – एखादी उत्तम निघते, एखादी सदोष, नशिबाचा भाग. रामचंद्ररावांना हे ठाऊक नव्हतं. मला होतं.

त्यांना ती हवी होती वडिलांच्या ऐंशीव्या वाढदिवसाच्या समारंभासाठी. सगळं गणगोत एका चौकटीत मावलं पाहिजे, एवढीच इच्छा. दुकानातून निघताना त्यांनी आपलं खोकं माझ्या हातात दिलं. म्हणाले, "तुम्हीच एकदा तपासून द्या. मला त्यातलें काय कळतें?"

मी तपासली. भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवलं, ट्रायपॉड लावला, दोन्ही लेन्सांनी फोटो काढले. एकीची अक्षरं या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत लख्ख. दुसरीची डावी बाजू पुसट, काचेवर तेलाचं बोट फिरवावं तशी. पुसट होती ती माझी.

दुरुस्तीला देता आली असती? आली असती. महिना-दोन महिने लागले असते, आणि मला दोन आठवड्यांनी हंपीला जायचं होतं. बस, एवढंच कारण. याहून मोठं कारण असतं तर बरं वाटलं असतं का? – कोण जाणे.

मी लेन्सांची अदलाबदल केली. लेन्सवरचा नंबर खोक्यावर आणि वॉरंटी कार्डावरही असतो, म्हणून खोकी आणि कार्डंही बदलली. त्यामुळे घाईत झालं, चुकून झालं, असं म्हणायची सोय मीच ठेवली नाही. रविवारी खोकं परत देताना म्हणालो, "एकदम फर्स्ट क्लास आहे, रामचंद्रराव."

समारंभ तांबरमच्या एका हॉलमध्ये झाला. चाळीसेक माणसं तीन रांगांत. डाव्या टोकाला त्यांची कावेरीआत्या बसली होती – तंजावरहून आलेली, आयुष्यभर फोटोला नाही म्हणत आलेली. त्या दिवशी भावासाठी बसली. फोटोत तिचा चेहरा म्हणजे नुसता फिकट डाग. तीन-चार महिन्यांनी ती गेली. भिंतीवर लावायला तिचा दुसरा फोटो कुणाकडेच नव्हता. स्टुडिओवाल्याने तोच मोठा करून पाहिला, पण मोठा झाला तो डागच.

तो कागद घेऊन रामचंद्रराव माझ्याकडे आले. मला वाटलं, आता लेन्सवर संशय घेणार. ते म्हणाले, "तुमची लेन्स तीच, माझीही तीच. तुमचे फोटो अस्के नीट येतात. मग लेन्सेला दोष कसा लावणें? माझा हातच थिर नाही."

तेव्हा सांगता आलं असतं. समोर बसले होते, चहा पीत होते. मी काय केलं? – त्यांना शिकवायला लागलो. कोपर छातीशी धरा. श्वास रोखून बटण दाबा. ते मान डोलावून ऐकत होते. पुढे कितीतरी दिवस सकाळी ऑफिसला जाण्याआधी ते गच्चीवर पाण्याच्या टाकीचे फोटो काढत, आणि रविवारी मला दाखवत. मी चुका काढत असे. नसलेल्या चुका. हळूहळू त्यांनी कॅमेरा कपाटात ठेवून दिला.

दोन वर्षांनी त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. फोटो तुम्हीच काढायचे, म्हणाले. आमच्या हाताचा भरवसा नाही. मी गेलो. मांडवात त्यांनी मला व्याह्यांपुढे नेलं, पाठीवर हात ठेवला. "हे माझे गुरु," म्हणाले. "मला येईना, तरी ह्यांनी किती कष्ट घेतले माझ्यावर."

व्याह्यांनी मला नमस्कार केला. मी हसून म्हणालो, "अहो, त्यात काय!" आणि कॅमेरा डोळ्याला लावला. त्यावर लेन्स त्यांचीच होती.

रामचंद्रराव अजून अड्यारलाच राहतात. दिवाळीला फोन करतात. मी घेतो, बोलतो, ठेवतो.