ताईचं अर्धं छापलेलं वाक्य

माझ्या कपाटाच्या खालच्या खणात गुलाबी कागदांचा एक गठ्ठा पडून आहे. वाटून उरलेली पत्रकं. आमच्या घरात उरलेलं पत्रक कुणी फेकत नाही. त्याच्या कोऱ्या पाठीवर पुढच्या पत्रकाचा कच्चा मजकूर लिहितात. या गठ्ठ्याच्या पाठीवर मात्र दोन वर्षांत मी एक अक्षर लिहिलेलं नाही.

पत्रकांवर मी अक्षरशः वाढलो. बाबा दिवसा कचेरीत कारकून आणि संध्याकाळी लूम कामगारांच्या संघटनेचे पर्चे लिहिणारे. बऱ्हाणपुरात पत्रकाला पर्चाच म्हणतात. वर हिंदी, खाली मराठी, कारण आमच्या गावात एकाच ओट्यावर दोन्ही भाषा बसलेल्या असतात. 'जवाब दो' हे शब्द मला माझं नाव लिहिता येण्याआधी वाचता येत होते. लिहिणंही बाबांनीच शिकवलं. ते म्हणायचे, पर्चा वाचणारा माणूस उभा असतो आणि त्याच्या एका हातात भाजीची पिशवी असते. म्हणून वाक्य छोटं ठेवायचं. समोरच्याच्या तोंडचं वाक्य आपल्या कामाचं असेल तिथपर्यंत घ्यायचं आणि पुढचं कापायचं. कापलं तिथं टिंबंसुद्धा द्यायची नाहीत, टिंबं दिसली की वाचणाऱ्याला संशय येतो.

हे मी अभिमानानं शिकलो. कॉलेजात चार मित्र मिळून आम्ही आमचे पर्चे काढू लागलो तेव्हा कापाकापीचं काम आपोआप माझ्याकडे आलं.

ताई माझी आतेबहीण, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आत्याचं घर बुधवारा मोहल्ल्यात. खाली दोन लूम, म्हणजे यंत्रमाग, वर राहायची जागा. त्या घरात माणसांच्या भुवयांवर, देवाच्या फोटोवर, पोळ्यांच्या डब्यावर सुताचे बारीक तंतू बसलेले असतात. "आमच्या वरणाला सुताचीच फोडणी," असं आत्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. अशा घरातली मुलगी भौतिकशास्त्र शिकली आणि लांबच्या एका प्रयोगशाळेत लागली, जिथं आत जाताना डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा घालावा लागतो आणि अंगावर एक तंतू दिसला तर परत पाठवतात. पहिल्या महिन्यात तिला तीनदा परत पाठवलं होतं. "सामानातून येतात ग," ती आत्याला फोनवर सांगायची, "तू दिलेली चादरच आता मी वापरत नाही."

तिला एक सवयच लागली. कुणाशीही बोलता बोलता ती त्याच्या खांद्यावरचा, कॉलरवरचा तंतू दोन बोटांनी उचलायची. बोलणं थांबायचं नाही, बोटं तेवढी येऊन जायची. लहान भाऊ म्हणून माझ्या वाट्याला हे सगळ्यात जास्त यायचं, आणि मी वैतागायचो.

दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये ती आठ दिवस घरी आली. दोन आनंदाच्या गोष्टी होत्या. मुलींच्या एका शाळेनं तिला तिच्या कामाबद्दल बोलायला बोलावलं होतं, आणि प्रयोगशाळेनं तशी लेखी परवानगी दिली होती. दुसरी गोष्ट मोठी. परदेशातल्या एका प्रचंड लेझरवर तीन महिने काम करायला तिची निवड झाली होती. आत्यानं गल्लीत दराबा, आमच्या गावची मिठाई, वाटला. ज्याला लेझर म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं त्यानंही दोनदा घेतला.

मी मात्र तेव्हा नुकतंच कुठंतरी वाचलं होतं की जगातल्या मोठ्या लेझरांमागं अणुबॉम्बवाल्यांचाही हात असतो. मला राग आला होता. आणि राग आला की मी स्वतःला फार आवडायचो.

दुपारी मी वही घेऊन आत्याकडं गेलो. लाईट गेलेली, लूम बंद, त्यामुळं घरात बोललेलं ऐकू येत होतं. ताईनं आत्याच्या मिसळणाच्या डब्यातून मोहरीचा एक दाणा काढून माझ्या तळहातावर ठेवला.

"एवढी गोळी. हिच्यात हायड्रोजनचे जड भाऊ गोठवून ठेवायचे. मग चारी बाजूंनी, वरून, खालून, एकाच क्षणी लेझर मारायचा. गोळी इतकी दाबली जाते की आतले अणू एकमेकांत मिसळतात. सूर्यात होतं तेच. पण एका बाजूचा उजेड जरा आधी पोचला तर संपलं, ओल्या साबणासारखं निसटतं सगळं."

आत्या भिंतीला टेकून पदरानं वारा घेत होती. "मग या मोहरीवर माझे लूम चालतील का ग?"

"आई, आत्ता नाही. अजून कुणाच्या घरात त्यावर एक बल्ब लागलेला नाही."

"मग इतकी वर्षं तिथं काय भाजतेस?"

"काच," ताई म्हणाली.

मी हसलो. तीही हसली आणि मग नीट सांगू लागली. लेझर जाड जाड काचांमधून जातो. काचेवर धुळीचा कण राहिला तर उजेड तिथंच काच जाळतो. टाचणीच्या टोकाएवढा डाग पडतो. पुढच्या वेळी लेझर मारला की तो वाढतो, त्याच्या पुढच्या वेळी आणखी. तिचं काम काच पुसायचं, तिरप्या उजेडात तपासायचं आणि ती किती सोसते ते मोजायचं. "पुसताना कागद एकदाच ओढायचा. परत त्यावरून फिरवायचा नाही. आपण पुसतोय असं वाटतं, पण पुसलेलंच परत लावत असतो."

मी विचारलं, "आणि बॉम्ब?"

तिनं वर पंख्याकडं बघितलं. बंद पंख्याकडं. मग माझ्या वहीकडं बघून म्हणाली, "लिहितोयस काय रे, पर्चेवाल्या?"

"समजून घ्यायला," मी म्हणालो.

"मग नीट लिही." आणि तिनं सावकाश सांगितलं. ते वाक्य माझ्या वहीत आहे. "मोठ्या लेझरांचं काम बॉम्बवाल्यांच्याही उपयोगाचं असतं आणि ते मला टोचतं, पण आमचा लेझर त्यांच्यापुढं काडेपेटीतल्या काडीएवढा आहे, तिथं बॉम्बचं काही होत नाही, आणि हे काम ज्यांना टोचतं त्यांनीच करायला हवं, नाहीतर न टोचणारेच तिथं उरतील."

ती बोलली आणि माझ्या कॉलरवरचा एक तंतू काढला. मी जिना उतरताना मनात कात्री लावत होतो.

पर्चा दोन दिवसांत गुलाबी कागदावर छापून झाला. मथळा मीच काढला होता आणि तो मला फार आवडला होता: 'पहले पंखा, बाद में सूरज!' ताई जिथं बोलणार होती त्या शाळेच्या निम्म्या वर्गांतले पंखे बंद होते. ते खरं होतं, त्याचा एक शब्दही मी आज मागं घेणार नाही. पण बंद पंख्यांवर पर्चा भरत नव्हता. त्याला वजन हवं होतं. म्हणून मधोमध चौकट टाकली: 'बऱ्हाणपूरचीच संशोधिका कबूल करते: मोठ्या लेझरांचं काम बॉम्बवाल्यांच्याही उपयोगाचं असतं आणि ते मला टोचतं.' पूर्णविराम. टिंबं नाहीत. नाव दिलं नाही, आणि नाव न देण्यात मी सभ्यपणा दाखवतोय असं मला वाटलं. बऱ्हाणपुरात लेझरची संशोधिका एकच आहे.

भाषणाच्या दिवशी सकाळी आम्ही शाळेच्या फाटकावर उभे राहिलो. पहिली घंटा व्हायच्या आत निम्मा गठ्ठा संपला. मधल्या सुट्टीत मोठ्या बाई स्वतः फाटकापर्यंत आल्या, पर्चा हातात धरलेला. "घर का झगड़ा घर में रखिए. कार्यक्रम रद्द केलाय मी." मित्रांनी माझ्या पाठीवर थापा मारल्या. तेवढ्यात दोन वेण्या घातलेली एक मुलगी गजांच्या आतून म्हणाली, "भैया, दीदी नहीं आएगी क्या? मैंने सवाल लिखा था."

"क्या सवाल?" मी विचारलं.

तिनं हातातला घडी घातलेला कागद माझ्यापासून लांब नेला. "वो मैं दीदी को पूछूँगी." आणि ती वर्गात निघून गेली.

कार्यक्रम रद्द झाला याला मी विजय म्हणालो. तो शब्द मी त्या दिवशी तीन वेळा वापरला.

पर्च्याचा फोटो कुणीतरी कुणालातरी पाठवला आणि चौथ्या दिवशी तो ताईच्या प्रयोगशाळेत पोचला. तिथून तिला विचारणा झाली: हे वाक्य तुमचं आहे का? हे मला आत्याकडून कळलं. मी धावत बुधवाऱ्यात गेलो. रस्त्यानं मनाशी ठरवत होतो की ती नाही म्हणून सांगेल. मी खोटारडा ठरेन, बाबा चिडतील, ठीक आहे, तेवढं सोसू. मला त्यातही थोडं थोर वाटत होतं.

खाली दोन्ही लूम चालू होते. ताई वर बॅग भरत होती, दोन दिवस आधीच निघाली होती.

"नाही म्हणून सांग ना," मी जिन्यातूनच ओरडलो.

"पण मी म्हणाले होते."

"ताई, माझ्याकडे काही पुरावा नाहीये, नुसती वही आहे."

"मी म्हणाले होते," ती परत म्हणाली. "हो लिहून पाठवलं. उरलेलं अर्धंही लिहिलं. पण पर्चा वाचून झाल्यावर खुलासा कोण वाचतं रे? तुला तर माहीत असेल." कपड्याची घडी घालता घालता ती थांबली. "आणि एक. मी कबूल नव्हतं केलं काही. तू विचारलंस म्हणून सांगितलं होतं."

आत्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मला ती रोज चहा घेऊन जा म्हणते. त्या दिवशी म्हणाली नाही.

परदेशी दुसरं कुणीतरी गेलं. नोकरी राहिली. 'सध्या नको' एवढंच कारण तिला सांगण्यात आलं.

घरी आल्यावर मी बाबांसमोर वही ठेवली. त्यांनी चष्मा लावून वाक्य वाचलं, मग पर्च्यातली चौकट वाचली, मग पुन्हा वही.

"हे तू कापलंस?"

"तुम्हीच शिकवलंत."

"मी मालकांची वाक्यं कापायचो रे," ते म्हणाले. "घरच्या पोरीची नाही."

त्या क्षणी मला त्यांचाही राग आला. वाक्य कुणाचं यावर ते कापायचं की नाही हे ठरत असेल तर ते तत्त्व कसलं? मालकाच्या वाक्यालाही दुसरं अर्धं असणारच. असं मी मनात म्हणालो, मोठ्यानं नाही. मोठ्यानं म्हणायची लायकी त्या दिवशी माझ्यात नव्हती. आणि खरं सांगायचं तर बाबांवर चिडलो की स्वतःकडं थोडा वेळ बघावं लागत नव्हतं.

मी नवा पर्चा काढायचं ठरवलं, माफीचा. ताईनं फोनवर साफ नकार दिला. "आता आणखी कागद नको. मला त्याचाही खुलासा द्यावा लागेल." मग मी तिच्या वरिष्ठांना पत्र लिहितो म्हणालो. त्यालाही ती तयार नव्हती, शेवटी म्हणाली, "आधी मला दाखव."

त्या पत्रावर मी सात दिवस घालवले. वाक्य पूर्ण उतरवलं, ते मी कापलं हे लिहिलं, खाली माझं नाव-पत्ता घातला. आणि शेवटी, ताईचं काम किती मोठं आहे हे त्यांना कळावं म्हणून, लिहिलं की तिच्या प्रयोगशाळेच्या लेझरमधून लवकरच गरीब कामगारांच्या घरात वीज पोचणार आहे. अशा विधायक कामाची मी बदनामी केली, वगैरे. ते वाक्य लिहिताना माझे डोळे भरून आले होते.

मी तिला पत्राचा फोटो पाठवला, तो तिनं एका वाक्यावर लाल रेघ मारून परत पाठवला. मग फोन आला.

"हे कुठून आणलंस?"

"कुठलं?"

"लवकरच वीज. मी असं कधी म्हणाले? आईला मी काय सांगितलं होतं तुझ्यासमोर?"

"एक बल्बही लागला नाही, असं."

"मग?"

"तुझ्या बाजूनं लिहिलं, ताई."

"तेव्हा माझ्या विरुद्ध लिहिताना कमी केलंस," ती म्हणाली, "आता माझ्या बाजूनं लिहिताना वाढवलंस. माझं जे आहे तेवढंच लिहिता येत नाही का रे तुला?"

माणसाला चूक कळली की तो सुधारतो असं मी समजत होतो. मला चूक कळली होती, पश्चात्ताप झाला होता, आणि त्या पश्चात्तापातही मी तेच केलं होतं. वाचणाऱ्याला हलवून सोडायचं, मग खरं कुठं का राहीना.

ते वाक्य काढून पत्र पाठवलं. 'पत्र मिळाले' असं एका ओळीचं उत्तर आलं. त्यापलीकडं काही बदललं नाही.

गेल्या दिवाळीत ताई घरी आली. मी फराळाला गेलो. ती माझ्याशी नीट बोलली, अबोला वगैरे काही नाही. शाळेतले पंखे लागले का, विचारलं. दोन वर्गांतले लागले, मी म्हणालो, आणि लगेच दुरुस्त केलं: एका वर्गातला लागलाय, दुसऱ्यातला आणून ठेवलाय. ती किंचित हसली. हे सगळं लिहू का, असं मी तिला तेव्हाच विचारलं. "लिही," ती म्हणाली. "नावं घालू नको, आणि वाक्य पूर्ण लिही."

खाली लूम चालू होते. माझ्या कॉलरवर सुताचा एक लांब पांढरा तंतू होता, मलाही तो डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत होता. तिची नजर त्यावर गेली. मी बोलता बोलता थोडा पुढं झुकलो. तिचा हात ताटाच्या कडेवरून उठला, तिथंच थोडा थांबला, आणि तिनं चकलीचा तुकडा उचलला.