डावीकडे गेलेली ओळ

"गाठ आहे. लहान मेंदूत, डाव्या बाजूला," नागपूरच्या डॉक्टरांनी एमआरआयच्या फिल्मवर बोट ठेवलं. नवऱ्याने माझा हात घट्ट धरला. मला आधी आठवल्या आमच्या रोवणीच्या टोळीतल्या, मला नावं ठेवणाऱ्या बाया. म्हणजे मी कामचुकार नव्हते!

आमच्या मोहाडीकडे रोवणीला बाया वाकून, मागे मागे सरकत धानाची रोपं लावतात. वीस वर्षं माझी ओळ दोरी धरल्यासारखी सरळ. त्या हंगामात ती कलायला लागली. टोळीची म्होरकी रुखमाबाई म्हणाली, लक्ष कुठं असते तुझं. मग मी दोनदा धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, चिखलात पडले, तर गावाने मला दारुडीच ठरवलं. सकाळी उठताच डोकं ठणकायचं, उलटी व्हायची. जवळच्या दवाखान्यातून पित्ताच्या गोळ्या आणल्या. दोन महिने इमानदारीने खाल्ल्या. फरक पडला नाही, तेव्हा नागपूर गाठलं.

त्रास कधीपासून, डॉक्टरांनी विचारलं.

"तारीख नाई सांगता येत, साहेब. नदीकडच्या धानाच्या बांधीत ओळ वाकडी झाली, तवापासून."

"कुठल्या बाजूला जायची?"

"डावीकडेच."

त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. माझी ओळ खरी मानणारा पहिला माणूस तो.

गाठीचं नाव हिमॅन्जिओब्लास्टोमा. म्हणजे रक्तवाहिन्यांची गाठ, फार क्वचित होणारी. कॅन्सर नाही, पण काढताना रक्त खूप जाऊ शकतं. कधी ती घराण्यात चालत येते आणि मग डोळ्यांत, किडन्यांतही गाठी होतात, म्हणून तेही तपासलं. सगळं ठीक निघालं. तोल परत येईल याची हमी मात्र कुणी देईना. चिखलात उभं राहता आलं नाही, तर माझ्याजवळ दुसरं येतं काय? भीती वाटली, खूप वाटली. तरी ऑपरेशनच्या कागदावर सही मीच केली.

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी उभी राहिले आणि पडले. पाचव्या दिवशीही. मग फरशीच्या रेघेवर पाऊल टाकत महिनोन्‌महिने चालले.

तुम्हालाही सकाळी डोकं दुखून उलटी होत असेल, झोक जात असेल, तर गोळ्यांवर दिवस काढू नका. मोठ्या डॉक्टरला दाखवा. लोक हसले तर हसू द्या.

यंदा रोवणीला गेले. रुखमाबाईने मला धुऱ्याजवळची जागा दिली, आधाराला. मी मधोमध जाऊन उभी राहिले. ओळ संपली तेव्हा शेवटी जराशी डावीकडे गेली होती. रुखमाबाई जवळ येऊन ओळ वाकून बघू लागली.

म्हटलं, "वाकडी हाय तं हाय, बाई. धान तं उभाच येते."