जखम भरण्याच्या मंत्राचे देणगीदार

वस्तूला नाव देणं ही माणसाची सर्वांत प्राचीन सत्ता आहे. परळमध्ये ती मुख्यतः छताच्या पंख्यांवर गाजवली जाते. आमच्या चाळीतल्या मंडळाच्या खोलीत दोन पंखे होते आणि दोन्हींच्या पात्यांवर देणगीदारांची नावं लाल रंगात लिहिलेली होती. पंखा फिरू लागला की नाव वाचता येत नसे, म्हणून एका कुटुंबाचा आग्रह असे की सभेच्या वेळी त्यांचा पंखा बंद ठेवावा.

याच खोलीत आम्ही तीन मित्र रविवारी दुपारी फासे टाकून राक्षस मारायचो. तिघांचेही वडील संपात गिरणीबाहेर पडले ते परत आत गेले नाहीत. आम्ही तिशी ओलांडली तोवर गिरणीच्या जागी काचेचा टॉवर आला होता. खेळ परदेशी, जाड पुस्तकातला: एकानं गोष्ट सांगत राक्षसांच्या वतीनं फासे टाकायचे, बाकीच्यांनी गोष्टीतलं एकेक पात्र चालवायचं. गोष्ट पुढे नेणारा मित्र मंडळाचा चिटणीसही होता. दुसऱ्याचा एक योद्धा होता आणि माझा मांत्रिक. तो रविवार शेवटचा होता, कारण योद्ध्याचा मालक विरारला राहायला चालला होता. वर्षभर गुहेत अडकलेला आपला योद्धा जाण्याआधी जिवंत बाहेर काढायचा, एवढंच त्याचं म्हणणं होतं. मलाही तेच हवं होतं.

पण चिटणीस बातमी घेऊन आला. खेळाची कंपनी पैसे घेऊन मंत्रांना चाहत्यांनी सुचवलेली नावं देणार होती, आणि परदेशातले चाहते त्यावर विनोद करत होते.

"पैसे देऊन नाव? म्हणजे आपलं मंडळच झालं की रे," योद्ध्याचा मालक म्हणाला.

मग दोघं सुटले. आगीचा गोळा नगरसेवकाच्या वाढदिवसानिमित्त. अदृश्य होण्याचा मंत्र बिल्डरच्या सौजन्याने. जखम भरण्याचा मंत्र योद्ध्याच्या मालकानं आपल्या आजोबांच्या स्मरणार्थ राखून ठेवला. पहिल्यांदा मीही हसलो. तासाभरानं, खेळूया का, असं मी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ते कंपनीला मराठी पाटी चालेल का, यावर बोलत होते.

अखेर खेळ सुरू झाला आणि पहिल्याच झटापटीत योद्धा कोसळला. मी जखम भरण्याचा मंत्र टाकायला घेतला. आमच्यात मंत्राचं नाव पूर्ण उच्चारल्याशिवाय फासा टाकता येत नसे, आणि म्हणताना मध्येच थांबलं तर शत्रूची पाळी येऊन मंत्र वाया जाई. हा नियम अर्थात चिटणीसाचा.

"नवीन नावानं म्हण," तो म्हणाला.

मी कैलासवासीपासून सुरुवात केली. आजोबांपर्यंत पोचलो, तर योद्ध्याच्या मालकानं थांबवलं. आजीचंही नाव घ्यायला हवं होतं, नाहीतर आत्या बोलली असती. आजीचं घेतलं. मग समस्त परिवार, त्यांचं गाव, सप्रेम भेट. मी फासा उचलला.

"गाव झालं. तालुका राहिला," चिटणीस म्हणाला.

"अरे, तो मरतोय."

"म्हणून काय तालुका सोडायचा?" हे योद्ध्याचा मालक म्हणाला.

मी त्याच्याकडे बघत राहिलो, तेवढ्यात चिटणीसानं राक्षसाचा फासा टाकला. योद्धा मेला. त्याच्या मालकानं फासा उलटसुलट करून पाहिला, पुन्हा टाकायला मिळेल का, असं हळूच विचारलं. नियमात ते बसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो टेम्पोत सामान भरून विरारला गेला. तालुका देवगड होता. चार अक्षरं.