सातव्या फांदीचा आवाज

कल्लप्पा लोखंडाची झाडं करायचा. सोलापुरात यंत्रमागाच्या शेडला खेटून त्याचा पत्र्याचा कारखाना आणि मागं घर. नळ्या वाकवून बाभळी करायच्या, पितळेच्या तारा विणून सुगरणीची घरटी करायची. घरटं इतकं हुबेहूब, की एकदा खरीच चिमणी येऊन आठवडाभर राहून गेली, भाडंही दिलं नाही तिनं.

त्याची एक रीत होती. फांदी जोडली की लगेच रंग लावायचा नाही. सुट्टीच्या दिवशी शेजारचे माग बंद झाले, की छोट्या हातोडीनं एकेक जोड वाजवायचा. खणखणीत वाजला तर पक्का, बद्द वाजला तर आत पोकळ. पोकळ जोड तोडून पुन्हा करायचा. तीस वर्षं त्याच्या कानानंच घराला भाकरी घातली.

एके सकाळी जेवायला बसल्यावर तो बायकोला, शिवलीलाला म्हणाला, "आज माग बंद का गं? सुट्टी तर परवाच झाली."

ती भाकरी थापायची थांबली. जरा मोठ्यानंच म्हणाली, "सकाळपासनं चालू हायत की. भिंत हादरतीया, तुमास्नी कळंना व्हय?"

कल्लप्पानं भिंतीला तळवा लावला. भिंत थरथरत होती. कानात मात्र कापूस कोंबल्यागत, मागांचा आवाज येतच नव्हता.

त्याला आधी कान आठवले नाहीत, बाभूळ आठवली. महिन्यापूर्वीच एका बाळंतपणाच्या दवाखान्यात त्यानं ती उभी केली होती. अकरा फांद्या, दर फांदीला दोन-तीन किलोचं घरटं, आणि खाली बायांना बसायला बाकडी. वाजवून बघताना सगळे जोड सारखेच वाटले होते. एवढ्या वर्षांनी आपला हात बसला, म्हणून तो वेडा उलट खूश झाला होता.

त्यानं ताट बाजूला सारलं. सांगावं, तर बहिऱ्या माणसाला काम कोण देणार? गप बसावं, तर खाली पोटुशा बाया. शेवटी त्यानं शिवलीलाला सगळं सांगून टाकलं. तिनं तवा उतरवला, पिठाचे हात पदराला पुसले आणि चपला घातल्या.

दवाखान्यात त्यानं पुसपास करायला आलोय म्हणून सांगितलं. शिवलीलानं कानावरचा पदर मागं सारला. तो हातोडी मारायचा आणि तिच्या तोंडाकडं बघायचा. जोड पक्का वाजला की ती मान हलवायची. अशा सहा फांद्या झाल्या. सातवीखाली सुंदरम्मा नावाची दिवस भरलेली बाई बसली होती. धूळ पडंल, जरा सरका, असं त्यानं म्हटल्यावर ती म्हणाली, पाय सुजलेत, पडू दे धूळ, नाहीतरी कुठं नटून आलेय मी.

कल्लप्पाची हातोडी हातातच राहिली. फांदी पोकळ निघून तिच्या डोक्यावरच पडली तर? त्याला हे काम देणाऱ्या डॉक्टरीणबाई दारातच उभ्या होत्या.

"उठा आक्का," तो म्हणाला. "मला ऐकू येईना झालंय. ही फांदी मी नीट बघितलेलीच न्हाई."

सगळ्यांच्या माना वळल्या. सुंदरम्मा दोघींच्या आधारानं उठली, बाकडं ओढून बाजूला केलं. त्यानं हातोडी मारली. शिवलीलाची मान हलली नाही.

"बद्द वाजला," तिनं हातानं खूण करत सांगितलं.

त्यानं घरटं उतरवलं, फांदी धरून पिळली. दुसऱ्याच पिळाला ती हातात आली. आपलं काम सुटलं, असंच कल्लप्पाला वाटलं.

डॉक्टरीणबाईंनी ती फांदी बघितली, मग त्याच्याकडं बघून विचारलं, उरलेल्या चार कोण ऐकणार?

"मी हाय की," शिवलीला म्हणाली. "तीस वर्षं भाकरी थापताना तेच ऐकतीय. कुठला पोकळ हाय, मला यांच्या आधी कळायचं. पण विचारतंय कोण?"

कल्लप्पाला यातलं निम्मंच ऐकू आलं. त्यानं आठव्या फांदीखालचं बाकडं ओढलं, हातोडी मारली आणि श्वास धरून बायकोच्या तोंडाकडं बघत राहिला.