डावा खांदा

घरी आलेल्या पाहुणीची दुखरी जागा मी तिच्या वैरिणीला जाऊन सांगितली, आणि ती वैरीण म्हणजे माझीच नात. असला मूर्खपणा करायला अंगात मस्ती लागते. ती माझ्यात तेव्हा भरपूर होती. साठी नुकती उलटलेली, म्हणजे पोरवयच म्हणायचं.

आमचं गाव सोनईच्या अलीकडचं. यात्रेच्या हगाम्यात, म्हणजे कुस्त्यांच्या फडात, आता पोरींच्याही जोडी लागतात. माझ्या लहानपणी बाईमाणसाने कुस्तीच्या मातीच्या हौदाच्या कडेलासुद्धा उभं राहायचं नाही, अशी रीत. त्यामुळे कुस्तीतलं मला काय कळणार? पण नात तालमीत जायला लागली, मी मोबाईलवर चार कुस्त्या पाहिल्या आणि घरबसल्या वस्ताद झाले. भाकरी थापता थापता तिला डाव सांगायचे. ती बिचारी ऐकून घ्यायची.

तिचे खरे वस्ताद कमी बोलणारे. पण काही गोष्टी त्यांनी पोरींच्या अंगात मुरवल्या होत्या. पाडलेल्या पोरीला हात देऊन उठवायचं. कुणाचं दुखणं ठाऊक असेल तर तिथं हात घालायचा नाही. आणि चीत झालेल्या पोरीची क्लिप स्टेटसला ठेवायची नाही; कुस्तीतलीच नव्हे, शाळेतल्या कुणाचीही फजिती मोबाईलवरून पुढे पाठवायची नाही. मी हसायचे. एवढं सोवळं पाळायचं तर भजनी मंडळात का नाही जात, असं तिला विचारायचे.

त्या वर्षी माझ्या मुलाने लेकीला बजावलं होतं. हगाम्यात जिंकलीस तर तालीम चालू, हरलीस तर बंद. बारावी तोंडावर आली होती. नातीने पहाटेच्या बैठका तेवढ्या वाढवल्या.

आमचं घर मैदानाला लागून, म्हणून कपडे बदलायला बाहेरगावच्या पोरी आमच्याकडेच यायच्या. नातीशी जिची जोड ठरली होती, ती पोरगी शेवगावकडची. आईबाप ऊसतोडीवरून अजून परतले नव्हते, म्हणून तिच्या गावच्या वस्तादांबरोबर आली होती. चहा घेतला, दार लोटलं आणि हळूच म्हणाली, "आजी, खांद्याला एवढी पट्टी बांधून देता का? वस्तादांना ठाव हाय समदं, पन ते गडीमानूस."

डावा खांदा मागे एकदा निखळला होता. मी पट्टी आवळून बांधली, टोकाला सेफ्टी पिन लावली. पोरगी माझ्या पाया पडली. आणि तिच्या डोक्यावर ठेवलेला हात खाली येतो न येतो तोच मी मागच्या दाराने बाहेर. नात अंग मोकळं करत होती. तिच्या कानाशी लागले, "डावा खांदा धर. कच्चा हाय."

तिने माझ्याकडे पाहिलं. माती कपाळाला लावून हौदात उतरली.

कुस्ती लागली. त्या पोरीचा डावा हात नातीच्या हाताशी यायचा आणि ही सोडून द्यायची. पुन्हा यायचा, पुन्हा सोडायची. मी कडेवरून घसा कोरडा करत होते, धर गं, धर. ती उजव्या बाजूने जायला बघत होती, चाचपडल्यासारखी. तेवढ्यात ती पोरगी खाली वाकून पटात शिरली, दोन्ही पाय कवेत घेतले आणि माझ्या नातीची पाठ मातीला लागली. मग तिनेच उजवा हात पुढे केला. नात तो धरून उठली आणि स्वतःच्या आधी त्या पोरीच्या अंगावरची माती झटकली.

घरी आल्यावर मुलगा रागावला नाही. लेकीची तालमीची पिशवी त्याने माळ्यावर टाकली, झालं.

गप्प बसले असते तरी चाललं असतं. पण ताट वाढताना माझं तोंड सुरूच. हातची कुस्ती घालवलीस, वस्तादांचं ऐकून काय मिळालं, मी काय तुझ्या वाईटाचं सांगत होते का? तिच्या केसांत अजून लाल माती होती. भाकरीला हात न लावता ती म्हणाली,

"आजी, माझा हुकमी डावच समोरचीचा डावा हात खांद्यावर घ्यायचा हाय. तू सांगितलं नसतं, तर मी तोच धरला असता, अन् त्यात कुनाचंच चुकलं नसतं. तू सांगितलंस, म्हनून मला धरता आला न्हाई."